पिंपळे सौदागर : एका गावाची जमीन, तिची मालक घराणी आणि सरासरीचा इतिहास

गोषवारा

पुण्यालगतच्या पिंपळे सौदागर या गावाची डॉ. हॅरल्ड मॅन यांनी केलेली पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली. या पाहणीने महाराष्ट्राच्या शेतीविषयक इतिहासलेखनाला काही आकडे दिले. १७७१ मध्ये या गावातील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आले, हा त्यांतील सर्वाधिक उद्धृत आकडा होय. जमिनीच्या तुकडीकरणाचा पुरावा म्हणून तो पाठ्यपुस्तकांतून आजही दिला जातो. प्रस्तुत लेखात या आकड्यांची मांडणी महसुली दप्तरांच्या बदलत्या स्वरूपाच्या आधारे तपासली आहे. १७७१ च्या हिशेबात मोजले गेले ते बहुधा घराणे, तर १९१४-१५ मध्ये मोजली गेली ती व्यक्ती. त्यामुळे सरासरीतील घट ही काही अंशी जमिनीच्या वाटणीची आणि काही अंशी नोंदणीच्या पद्धतीची घट आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. या फरकाचे परिणाम कायद्यावर आणि जमीनमालक घराण्यांतील हक्कांवर कसे झाले, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मिरास, थळ, जथा, खातेदार, पोटहिस्सा, तुकडेबंदी, हक्कनोंद.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील ग्रामेतिहासाची परंपरा तशी जुनी आहे. पेशवाईचा अस्त झाल्यानंतर थोड्याच वर्षांत डॉ. थॉमस कोट्स या शल्यचिकित्सकाने पुण्याजवळील लोणी (आजचे लोणीकंद) या गावाचे सविस्तर वर्णन लिहिले व ते मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या वृत्तान्तात १८२३ साली प्रसिद्ध झाले. पुढे याच गावाचा पुनर्अभ्यास करून डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९६० साली आपला ग्रंथ सिद्ध केला. या दोहोंच्या मधल्या काळात, १९१५ साली, त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' मराठीत आला आणि दोनच वर्षांनी मॅन यांची पिंपळे सौदागरची पाहणी इंग्रजीत आली. आत्रे यांनी गावाचे व्यवहार शब्दांत मांडले, तर मॅन यांनी ते कोष्टकांत मांडले.

इतिहासाच्या अध्यापनात या दुसऱ्या प्रकाराला आपण अधिक विश्वासार्ह मानतो. आकडा निःपक्षपाती असतो, अशी आपली समजूत असते. परंतु आकडाही कोणीतरी, कोणत्यातरी दप्तरातून, काहीतरी एकक धरून काढलेला असतो. ते एकक काळानुसार बदलले असेल, तर आकड्यांची तुलना करताना सावध राहावे लागते. पिंपळे सौदागरच्या बाबतीत ही सावधगिरी फारशी बाळगली गेलेली नाही. म्हणून या एका छोट्या गावाचा विचार पुन्हा करणे आवश्यक वाटते.

२. गाव आणि पाहणी

पिंपळे सौदागर हे पूर्वीच्या हवेली तालुक्यातील, पवना नदीकाठचे गाव. शेजारी पिंपळे गुरव आणि पिंपळे निलख ही त्याच नावाची आणखी दोन गावे आहेत. खडकीची लष्करी छावणी आणि १८६९ साली सुरू झालेला तेथील दारूगोळ्याचा कारखाना येथून फार दूर नाही. नदीपलीकडून मुंबई-पुणे लोहमार्ग गेला आहे. म्हणजे मॅन यांनी निवडलेले गाव कोपऱ्यात पडलेले, बाहेरच्या जगापासून तुटलेले असे खेडे नव्हते. शहराची आणि छावणीची मजुरी त्याच्या हाताशी होती.

डॉ. हॅरल्ड मॅन हे १९०७ पासून पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. रसायनशास्त्रज्ञ असल्यामुळे मोजमापाची शिस्त त्यांच्या अंगी होती. द. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर, वि. आ. ताम्हणे आदी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी गावाची माती, पाणी, पिके, जनावरे, कर्ज आणि कुटुंबांची मिळकत यांची नोंद केली. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथमालेतील पहिला ग्रंथ म्हणून ही पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली. कोरडवाहू भागातील जातेगाव बुद्रुक या गावावरील दुसरा खंड १९२१ मध्ये आला. पुढे दिसकळकर यांनी पिंपळे सौदागरची फेरपाहणी केली, तीही १९६० साली प्रसिद्ध झाली. एकाच लहान गावाला इतके अभ्यासक लाभणे, हे भाग्य महाराष्ट्रात फार थोड्या गावांच्या वाट्याला आले आहे.

३. चार सरासऱ्या

मॅन यांनी जुन्या दप्तरांवरून गावातील सरासरी धारणक्षेत्राचे जे आकडे काढले ते असे : १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा एकर, १८२० ते १८४० या काळात १४ एकर आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, ब्रिटिशपूर्व काळात आणि ब्रिटिश अमलाच्या आरंभी शेतकऱ्याची जमीन सामान्यतः नऊ-दहा एकरांहून अधिक असे व दोन एकरांहून कमी जमीन असलेला खातेदार क्वचितच आढळे. मागील साठ-सत्तर वर्षांत मात्र हे चित्र पूर्ण पालटले. खातेदारांची संख्या दुपटीहून अधिक झाली. ८१ टक्के खाती दहा एकरांच्या आत आणि ६० टक्के खाती पाच एकरांच्या आत आली. गावात १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान, तर ११२ तुकडे पाव एकराहूनही लहान होते.

हे चित्र विदारक आहे, यात शंका नाही. लोकसंख्यावाढ आणि वारसाहक्काचा हिंदू कायदा ही त्याची कारणे म्हणून सांगितली गेली. परंतु सरासरीचे चारही आकडे ओळीने मांडून पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. १७७१ ते १८१८ या ४७ वर्षांत सरासरी ४० वरून साडेसतरावर, म्हणजे सुमारे ५६ टक्क्यांनी घटली. १८१८ ते १९१५ या ९७ वर्षांत ती साडेसतरावरून सातावर, म्हणजे ६० टक्क्यांनी घटली. जी घट ब्रिटिश काळात जवळजवळ शंभर वर्षांत झाली, साधारण तेवढीच घट त्यापूर्वी निम्म्या काळात झालेली दिसते. एकरांत मोजले, तर पहिल्या टप्प्यातील घट दुसऱ्या टप्प्याच्या दुपटीहून अधिक आहे.

ही पहिली घट कशी स्पष्ट करावयाची? लोकसंख्या झपाट्याने वाढली, असे या काळाबद्दल म्हणता येत नाही. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यापाठोपाठ झालेल्या लुटीने आणि १८०३-०४ च्या दुष्काळाने पुणे प्रांतातील अनेक गावे ओस पडली. वारसाहक्काचा कायदाही या काळात बदललेला नव्हता. म्हणजे मॅन यांच्या कोष्टकातील सर्वांत मोठी घट त्यांनी दिलेल्या कारणांच्या कक्षेबाहेर राहते. तिचे उत्तर जमिनीत शोधण्यापूर्वी दप्तरात शोधले पाहिजे.

४. १७७१ च्या यादीतील नाव

१७७१ हे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीतील वर्ष. त्या काळच्या गावच्या हिशेबात ज्याचे नाव येते तो कोण असतो, हा येथील मूलभूत प्रश्न आहे. दख्खनमधील जमीनधारणेचे स्वरूप पेशवाईनंतरच्या पहिल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी, विशेषतः पुण्याचे कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन, कमिशनर चॅप्लिन आणि पुढे कर्नल साइक्स यांनी, बारकाईने नोंदवून ठेवले आहे. त्यांच्या वर्णनावरून असे दिसते की, गावची काळी ही मुळात थळांत विभागलेली असे. प्रत्येक थळ एका मूळ घराण्याच्या नावाने ओळखले जाई. घराणे निर्वंश झाले वा परागंदा झाले, तरी थळाला त्याचेच नाव राही व ती जमीन 'गतकूळ' म्हणून लिहिली जाई. थळाच्या याद्यांना थळझाडा म्हणत. एका घराण्याच्या शाखा मिळून जो समूह होई तो जथा. सरकारचा वसूल देण्याची जबाबदारी जथ्यावर एकत्रितपणे असे आणि वडील शाखा त्याचा जाब देई.

मिरासदार आणि उपरी हा भेद सर्वपरिचित आहे. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा, विक्री व गहाण टाकण्यास योग्य असा होता. गाव सोडून गेला तरी परत येऊन तो जमीन मागू शके. उपरी मात्र ठरावाने जमीन कसणारा परका शेतकरी असे. मिरास ही नावापुरती एका व्यक्तीच्या नावे असली, तरी भाऊबंदांच्या संमतीवाचून तिची विक्री सहसा होत नसे. पाटीलकीच्या वतनाचेही असेच होते. वतनाच्या तक्षिमा पडत, त्यांची खरेदी-विक्रीही होत असे. परंतु वडीलपणाचा मान आणि कागदावरचे पहिले नाव मात्र वडील शाखेकडे राही.

ही व्यवस्था लक्षात घेतली, म्हणजे १७७१ च्या यादीतील नावाचा अर्थ बदलतो. ते नाव एका स्वतंत्र मालकाचे नसून एका घराण्याच्या वतीने वसुलाला बांधून घेतलेल्या वडीलधाऱ्याचे असण्याची शक्यता अधिक आहे. एक साधा हिशेब करून पाहता येईल. १९१४-१५ चे १५६ खातेदार आणि ७ एकर सरासरी यांचा गुणाकार सुमारे ११०० एकर येतो. तेवढीच जमीन १७७१ मध्येही धरलेली होती असे मानले, तर ४० एकरांच्या सरासरीने यादीतील नावे सुमारे २७ भरतात. लागवडीखालील जमीन त्याहून कमी धरली, तर नावे आणखी कमी होतात. नदीकाठच्या एका वसलेल्या गावात केवळ पंचवीस-सत्तावीस शेतकरी होते, असे मानण्यापेक्षा पंचवीस-सत्तावीस नावांखाली त्याहून कितीतरी अधिक चुली होत्या, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

मग १८१८ च्या सुमारास ही नावे का वाढली? याची दोन कारणे संभवतात. पहिले असे की, १८०२-०४ च्या उद्ध्वस्ततेनंतर गतकूळ झालेली वा पडीक पडलेली जमीन नव्याने आलेल्या शेतकऱ्यांना लहान लहान तुकड्यांनी लावून देण्यात आली असावी. दुसरे असे की, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाचे मक्ते देण्याची प्रथा बोकाळली. मक्तेदाराला घराण्याच्या परंपरेशी कर्तव्य नव्हते. ज्याच्या हाती पीक दिसेल त्याच्याकडून वसूल घेणे त्याला सोयीचे होते. जथ्याची सामूहिक जबाबदारी अशा वेळी सैल होऊन शाखांची नावे स्वतंत्रपणे पुढे आली असतील. ही दोन्ही कारणे अनुमानाच्या स्वरूपाची आहेत. परंतु यांपैकी कोणतेही कारण मानले, तरी ४० आणि साडेसतरा हे दोन आकडे एकाच वस्तूचे मोजमाप नाहीत, हे मान्य करावे लागते.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे उचित ठरेल. जुन्या दप्तरात 'कूळ' म्हणजे सरकारसारा देणारे शेतकरी घराणे. १९४८ च्या कूळकायद्यात 'कूळ' म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. एकाच शब्दाचा अर्थ दीडशे-पावणेदोनशे वर्षांत घराण्याकडून व्यक्तीकडे आणि साराकऱ्याकडून खंडकऱ्याकडे गेला. दप्तरातील एकक कसे सरकले याचा हा भाषेत उरलेला पुरावा होय.

५. सर्व्हे नंबरापासून पोटहिश्श्यापर्यंत

इंग्रजी अमलात रयतवारी पद्धती आली. १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात सुरू केलेली पाहणी पुढे सर्व दख्खनला लागू झाली. जमिनीचे सर्व्हे नंबर पाडण्यात आले, प्रत्येक नंबरावर आकार बसवण्यात आला आणि त्याची जबाबदारी एका खातेदारावर टाकण्यात आली. थळ, जथा, वडीलपण या गोष्टी महसुलाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरल्या. तरीही एक विसंगती राहिली. सर्व्हे नंबर हे एकक ठरल्यामुळे त्याच्या पोटात भावाभावांनी केलेल्या वाटण्या सरकारी दप्तरात सहसा दिसत नसत. कागदावर खातेदार एक असे, शेतात मात्र बांध तीन असत.

ही झाकलेली वाटणी उघडी पडली ती हक्कनोंदीमुळे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या चौथ्या कायद्याने जमिनीवरील हक्कांची नोंद ठेवण्यास प्रारंभ झाला व १९१३ मध्ये ही तरतूद जमीन महसूल अधिनियमात समाविष्ट झाली. आता खरेदी, गहाण, वारसा, वाटणी यांची फेरफार नोंद होऊ लागली. पोटहिश्श्याला कागदावर अस्तित्व आले. मॅन यांची पाहणी १९१४-१५ ची आहे, हे येथे महत्त्वाचे ठरते. हक्कनोंदीचे दप्तर तयार झाल्यानंतर लगेचच ते गावात पोचले होते. त्यांना जे सातशेहून अधिक तुकडे दिसले, त्यांतील काही तुकडे साठ-सत्तर वर्षांत नव्याने पडलेले होते, तर काही आधीपासून होते आणि आता प्रथमच लिहिले गेले होते.

आणखी एक बाब पाहण्याजोगी आहे. मॅन यांनी गावातील १०३ कुटुंबांची आर्थिक स्थिती तपासली. खातेदार मात्र १५६ आढळले. म्हणजे चुलींपेक्षा नावे अधिक होती. गावाबाहेर राहणारे खातेदार होते, त्याचप्रमाणे एका कुटुंबात एकाहून अधिक नावांवर जमीन असणेही संभवनीय होते. १७७१ मध्ये एका नावाखाली अनेक चुली होत्या, तर १९१५ मध्ये एका चुलीमागे एकाहून अधिक नावे होती. या दोन टोकांची सरासरी एकाच ओळीत मांडल्यास घट वास्तवापेक्षा अधिक दिसणे अपरिहार्य आहे.

यावरून मॅन यांच्या पाहणीचे मोल कमी होते, असे नाही. त्यांनी आपले आकडे कोणत्या वर्षाचे आहेत, हे स्पष्ट सांगितले म्हणूनच आज त्यांची छाननी करता येते. दोष असेल, तर तो त्या आकड्यांमागचे दप्तर विसरून केवळ आकडे उचलणाऱ्या उत्तरकालीन लेखनाचा आहे.

६. सरासरीपलीकडचे वास्तव

सरासरी संशयास्पद ठरली, म्हणून गावाचे दारिद्र्य संशयास्पद ठरत नाही. १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे जमिनीच्या उत्पन्नावर समाधानाने जगू शकत होती. आणखी २८ कुटुंबे बाहेरच्या मजुरीच्या जोडीने कसेबसे निभावून नेत होती. उरलेली ६७, म्हणजे सुमारे ६५ टक्के कुटुंबे, जमीन आणि मजुरी मिळूनही तुटीत होती. कोरडवाहू जातेगाव बुद्रुकमध्ये हेच प्रमाण ८५ टक्क्यांपर्यंत गेले होते. हे आकडे एकाच वेळी, एकाच पद्धतीने, चुलीगणिक काढलेले आहेत. त्यामुळे त्यांना मागील काळाशी तुलना करण्याची अडचण लागू होत नाही.

पिंपळे सौदागरच्या इतिहासाचा खरा गाभा या ६७ कुटुंबांत आहे. जमीनमालक म्हणून दप्तरात नाव असणे आणि जमिनीवर पोट भरणे या दोन भिन्न गोष्टी होत्या. १८७५ च्या सुपे येथील उठावापासून दख्खनच्या शेतकऱ्याचा कर्जबाजारीपणा सरकारच्या नजरेस आला होता. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यासाठीच झाला होता. तरीही चार दशकांनंतर पुण्याच्या वेशीवरील गावात दोन-तृतीयांश कुटुंबे तुटीत असावीत, याचे कारण केवळ बांधांच्या संख्येत सापडणार नाही.

या आकड्यांत जे येत नाहीत त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. सरासरी धारणक्षेत्र हे ज्याला जमीन आहे त्याचेच काढले जाते. भूमिहीन मजूर, खंडाने कसणारा, आणि घराण्याची जमीन जिच्या श्रमावर पिकते पण जिचे नाव कागदावर नाही ती स्त्री, यांना या सरासरीत स्थान नाही. गावगाड्यातील अलुतेदार-बलुतेदारांचा वाटा धान्याच्या राशीवर मोजला जाई, एकरांवर नव्हे. म्हणून केवळ धारणक्षेत्रावरून लिहिलेला ग्रामेतिहास हा जमीनमालक घराण्यांचा इतिहास होतो, गावाचा होत नाही.

७. आकडा आणि कायदा

पिंपळे सौदागरचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर पुढच्याच वर्षी त्यांचे एक असाधारण वाचन झाले. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांचा प्रश्न आणि त्यावरील उपाय या विषयावर इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. त्यात त्यांनी मॅन यांच्या पाहणीचा आधार घेतला. त्या वेळी शेतीखात्यातील कीटिंग यांच्यासारखे अधिकारी आदर्श धारणक्षेत्र ४० ते ५० एकरांचे असावे, असे मानत होते. मॅन यांचा अंदाज २० एकरांच्या आसपास होता. कुटुंबाचा निर्वाह नीट व्हावा, ही या अंदाजांमागची कसोटी होती.

आंबेडकरांनी ही कसोटीच नाकारली. धारणक्षेत्र किफायतशीर आहे की नाही, हे त्यावर किती माणसे जगतात यावरून ठरत नाही. त्यावर लावलेले भांडवल आणि श्रम यांचे जमिनीशी प्रमाण कसे आहे, यावरून ते ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. विखुरलेले तुकडे एकत्र करणे आणि धारणक्षेत्र मोठे करणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हेही त्यांनी स्पष्ट केले. वारसाहक्काचा कायदा हे मूळ कारण नसून जमिनीवर साचलेली, अन्यत्र काम नसलेली लोकसंख्या हे कारण आहे आणि औद्योगिकीकरण हा त्यावरील उपाय आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. बांध मोजण्यापेक्षा बांधावर बसलेली माणसे मोजावीत, असा या विचाराचा आशय सांगता येईल.

हा वाद केवळ विद्वत्तेचा नव्हता. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान धारणक्षेत्रांसंबंधीचे विधेयक आले. ठराविक क्षेत्राखाली जमिनीची वाटणी होऊ नये, हा त्याचा हेतू होता. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. असा कायदा लहान शेतकऱ्याला भूमिहीन करील आणि जमीन मोजक्यांच्या हाती एकवटेल, असे सांगून त्यांनी सहकारी शेतीचा पर्याय सुचवला. चहूबाजूंच्या विरोधामुळे ते विधेयक मंजूर झाले नाही. पुढे १९४७ साली मात्र तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला आणि 'प्रमाणभूत क्षेत्र' ही संज्ञा तलाठ्याच्या दप्तरात रूढ झाली. 'पूर्वी ४० एकर, आता ७ एकर' या धारणेचे वजन अशा कायद्यांमागील विचारसरणीत किती होते, हे स्वतंत्र संशोधनाचे क्षेत्र आहे. परंतु धारणक्षेत्राची घसरण हाच शेतीचा मूळ रोग आहे, या समजुतीला अशा आकड्यांनी बळ दिले, हे नाकारता येत नाही.

८. एकरापासून चौरस फुटापर्यंत

आंबेडकरांनी सुचवलेला उपाय पिंपळे सौदागरच्या दाराशी अनपेक्षित रीतीने येऊन ठेपला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली व पिंपरी-चिंचवड परिसरात कारखानदारी फोफावली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका, तर १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञानाची संकुले उभी राहू लागली आणि पवनाकाठच्या गावांतील शेते निवासी इमारतींखाली गेली. आज पिंपळे सौदागर हे महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर आहे.

येथे जमिनीचे मोजमाप पुन्हा एकदा बदलले. बिघा आणि चावर जाऊन एकर आला होता. एकराचे गुंठे झाले, गुंठ्यांचे चौरस फूट झाले. तुकडेबंदी कायदा अस्तित्वात असतानाही पुणे परिसरात एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार सर्रास झाले. अखेर २००१ साली गुंठेवारी विकास नियमित करण्याचा कायदा शासनाला करावा लागला. ज्या तुकड्याला १९१५ मध्ये अभ्यासकांनी निरुपयोगी म्हटले असते, त्या पाव एकरात, म्हणजे दहा गुंठ्यांत, आता एका कुटुंबाचे आयुष्य पालटण्याचे सामर्थ्य आले. बोलीभाषेत 'गुंठामंत्री' हा शब्द रूढ झाला तो यातूनच. त्या शब्दात उपहास आहे, पण जमिनीचे मूल्य पिकावरून जागेवर गेल्याची अचूक जाणीवही आहे.

औद्योगिकीकरणाने जमिनीवरील माणसांचा भार हलका करावा, ही आंबेडकरांची अपेक्षा होती. येथे प्रत्यक्षात शेतीच नाहीशी झाली. आणि या बदलाचा लाभ कोणाला मिळाला, हे पुन्हा दप्तरातील नावाने ठरवले. ज्याचे नाव सातबारावर, त्याच्याकडे विकसक आला. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी ज्या कुळांची नावे लागली त्यांचा वाटा राहिला, ज्यांची लागली नाहीत त्यांचा गेला. एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असा शेरा असलेली खाती अनेक गावांत आढळतात. धाकट्या भावांची आणि बहिणींची नावे तेथे नसत. १९९४ च्या महाराष्ट्रातील दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदारी मिळाली. तेव्हापासून विक्रीपूर्वी बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेणे हा गावोगावच्या दुय्यम निबंधक कार्यालयांतील नित्याचा व्यवहार झाला आहे. थळाच्या वडील शाखेचे नाव आणि आजचा 'ए.कु.मॅ.' हा शेरा यांत अडीचशे वर्षांचे अंतर असले, तरी दोहोंचे कार्य एकच आहे : एका नावाखाली अनेकांना ठेवणे. जोवर त्या नावाने केवळ सारा भरावयाचा होता तोवर हे ओझे होते. त्या नावाने पैसा येऊ लागला तेव्हा तो अधिकार झाला.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पिंपळे सौदागरमधील सरासरी धारणक्षेत्राची ४० एकरांपासून ७ एकरांपर्यंतची घट ही एकसंध प्रक्रिया नाही. तिचा मोठा भाग १८१८ पूर्वीचा असून त्याचे स्पष्टीकरण लोकसंख्यावाढ व वारसाहक्क यांतून मिळत नाही.

२) १७७१ च्या दप्तराचे एकक घराणे आणि १९१४-१५ च्या दप्तराचे एकक व्यक्ती असल्याचे मानण्यास सबळ आधार आहे. त्यामुळे हे दोन आकडे थेट तुलनीय ठरत नाहीत.

३) १८१८ नंतरची घट खरी आहे. तथापि १९०३ च्या हक्कनोंदीमुळे आधीच्या अलिखित वाटण्या प्रथमच दृश्य झाल्या, हे तिचे मोजमाप करताना विचारात घेतले पाहिजे.

४) गावाच्या दारिद्र्याचा विश्वसनीय पुरावा सरासरीत नसून १०३ कुटुंबांच्या तपासणीत आहे. भांडवलाचा अभाव आणि पर्यायी रोजगाराची वाण यांकडे लक्ष वेधणारे आंबेडकरांचे विश्लेषण या पुराव्याशी अधिक सुसंगत आहे.

५) जमीनमालक घराण्याचा इतिहास हा दप्तरात कोणाचे नाव लागले आणि कोणाचे राहिले याचाही इतिहास असतो.

आपल्या महाविद्यालयांच्या परिसरात अशी अनेक गावे आहेत. तेथील थळझाडे, पाहणीचे जुने नकाशे, फेरफार नोंदवह्या आणि घरोघरच्या वंशावळी यांची सांगड घालण्याचे काम स्थानिक प्राध्यापक आणि विद्यार्थी उत्तम प्रकारे करू शकतात. त्यासाठी मोडी वाचता येणारे विद्यार्थी तयार करावे लागतील आणि इतिहास, अर्थशास्त्र व भूगोल या विभागांना एकत्र यावे लागेल. हे काम तातडीचे आहे. कारण जमीन विकली गेली की घराणी पांगतात, आणि कोणत्या बांधाला कोणाचे नाव होते हे सांगणारी पिढी एकदा गेली की, उरते ते केवळ दप्तर.